पासलीत न वाजलेलं एक नंबरचं गाणं

गाणं एक नंबरला गेलं हे ठरवतं कोण? मोबाईलवर आकडे येतात, कुणी टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा हवाला देतं, कुणी म्हणतं अमक्या गाण्याला इतक्या कोटी लोकांनी पाहिलं. पाहिलं असेल. आमच्या भोर-वेल्ह्याकडं मात्र हा निकाल आचारी लावतो. पंगत ऐन रंगात आलेली असताना एखादं गाणं लागलं आणि पोरं भरलेली पत्रावळ सोडून उठली, की आचारी कपाळावर हात मारून घेतो आणि माझ्यावर ओरडतो, "ओ अण्णा, ते नका लावू आत्ता, भात निवतोय!" ज्या गाण्याला आचारी वैतागला, ते त्या वर्षीचं एक नंबरचं. मग लग्नसराई संपेपर्यंत त्याला जागचं हलवायची कुणाची छाती नाही.

मी कापूरहोळचा. लग्नाला, साखरपुड्याला, जत्रेला, शाळेच्या गॅदरिंगला स्पीकर लावणं हा आमचा दोन पिढ्यांचा धंदा. वडलांच्या वेळी पत्र्याचे कर्णे आणि तबकड्या होत्या, बैलगाडीतून जायच्या. माझ्या हाताखाली कॅसेट आली, गेली, सीडी आली, तीही गेली. आता पिकअपभर पेट्या, मिक्सर, लॅपटॉप आणि मागं जनरेटर. पोरं मला डीजेवाले म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. मी स्पीकरवाला, आणि माझ्या मयतीलाही लोकांनी 'स्पीकरवाले अण्णा गेले' असंच म्हणावं अशी माझी इच्छा आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, बटण दाबलं की झालं. बटण कुणीही दाबतो हो. कोणत्या वेळी दाबायचं नाही, हे कळायला जन्म जातो. मांडवात पहिलं गाणं देवाचं. हळदीला चालीचं, पण ज्यात बायकांना लाज वाटेल असं काही नको, कारण समोर सासरेबुवा बसलेले असतात. अक्षतांच्या आधी आवाज हळूहळू उतरवत आणायचा, एकदम तोडायचा नाही. पाठवणीच्या वेळी काही लावायचंच नाही, आई-लेकींचं रडणं हेच तेव्हाचं संगीत. हल्ली त्यालाही गाणं लावा म्हणणारे भेटतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो. आणि पेट्यांची तोंडं. वेल्ह्याकडं डोंगर अगदी अंगाशी. पेटी डोंगराकडं तोंड करून ठेवली तर गाणं तिकडून आपटून परत येतं आणि एकाची दोन गाणी होतात. म्हणून तोंडं उताराकडं, खाचरांकडं करायची. आवाज मग वाऱ्याबरोबर खाली वाहत जातो, खालच्या वाडीलाही कळतं की वर कुणाला तरी हळद लागली.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुने. राजगडाच्या पायथ्याला पालीत एकदा गडावर निघालेली शहरातली मंडळी माझ्याकडं आली आणि म्हणाली, आवाज कमी करा, आम्ही शांतता ऐकायला आलोय. मी काही बोलायच्या आत नवरदेवाचे मामा म्हणाले, "मग वर जावा की, गडावर लई शांतता हाय." भोरकडच्या एक आजी आहेत. नातवंडाचं कुठलंही लग्न असो, त्या माझ्याजवळ येऊन बसतात आणि स्वतःच्या लग्नात वाजलेलं गाणं मागतात. नाव ठाऊक नाही, शब्द ठाऊक नाहीत. "त्यात पोपट हुता," एवढंच. मी आजवर जितकी पोपटाची गाणी सापडली तितकी ऐकवली. दर वेळी त्या मान हलवतात, "हा पोपट न्हवं." आता नवीन पोपट कुठून आणू?

लोक लग्नाचं साल सांगत नाहीत, गाणं सांगतात. आमची थोरली दिली ती अमक्या गाण्याच्या वर्षी, घर बांधलं ते तमक्या गाण्याच्या वर्षी. एक नंबरचं गाणं असं त्या वर्षाच्या अंगाला चिकटून बसतं. ते चांगल्याला चिकटतं तसं वाइटालाही. मला ज्या वर्षाविषयी सांगायचं आहे ते शिट्टीच्या गाण्याचं वर्ष.

फार जुनं नाही, अलीकडचंच. आता त्या गाण्याचं खरं नाव कुणाला आठवतही नसेल. आमच्याकडं ते शिट्टीचं गाणं. सुरुवातीला एक लांबलचक शिट्टी होती, मेंढरं वळवायला धनगर मारतो तशी. मग हलगी, आणि मग ते सुटायचं. शब्द म्हणाल तर धड नव्हते. पोरगी पाण्याला, पोरगा गाडीवर, असं काहीतरी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, पंधरा दिवस टिकेल. फाल्गुनात ते शाळेतल्या पोरांच्या तोंडी आलं, चैत्रात माळावरच्या धनगरवाड्यात शेरडांमागच्या माणसाच्या मोबाईलवर ऐकू आलं, आणि वैशाखात सगळ्या खोऱ्यातले आचारी माझ्या नावानं शंख करायला लागले. सबंध महाराष्ट्रात तेच वाजत होतं म्हणे. मी आपला भोर-वेल्ह्यापुरतं सांगतो.

पासलीचा दत्ता हा त्या गाण्याचा आमच्याकडचा राजा. पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पुढं, डोंगरातलं भाताचं गाव. किसनराव आणि सरूवहिनी यांचा हा एकुलता एक. शिरवळच्या बाजूला कारखान्यात कामाला होता, पण खोऱ्यातलं एकही लग्न चुकवायचा नाही. दोन बोटं तोंडात घालून तो ती शिट्टी अशी मारायचा की पेटीतली कुठली आणि त्याची कुठली कळत नसे. तो मांडवात असला की मी गाण्याची सुरुवात मुद्दाम उतरवायचो. शिट्टी त्याची, पुढचं गाणं पेटीतलं. पोरं वेडी व्हायची.

आईचा मान वेगळा होता. आमच्याकडं हळदीच्या आधी घाणा भरतात. म्हणजे जात्याला आंब्याची पानं बांधायची, सवाष्णींनी मिळून हळकुंडं भरडायची आणि गाणी म्हणायची. गावात कुणाचंही लग्न असो, घाण्याचं पहिलं गाणं सरूवहिनींचं. आवाज जाडसर, थोडा फाटका, पण पहिली ओळ त्यांनी उचलली की बाकीच्या बायका निमूट मागून यायच्या. त्यांना माईक देऊ केला तर म्हणायच्या, "माझं मला ऐकू येतंय, अण्णा, तुमचं ऱ्हाऊ द्या." एका घरात अशी दोन गाणारी माणसं. आधी आईचं, मग लेकाचं, असा पासलीतल्या मांडवांचा क्रमच ठरून गेला होता.

धोंडीतात्या हे त्या गावातले जाणते गृहस्थ. त्यांच्या थोरल्या नातीचं लग्न होतं. घाणा झाला, हळद झाली, वऱ्हाड आलं. आणि लक्षात आलं की नवरा-नवरीचे हार वेल्ह्यालाच राहिले आहेत. दत्ता म्हणाला, "म्या आणतो की, हा गेलो आन् हा आलो." मोटरसायकल काढली आणि गेला.

वेळ होत आली, दत्ता येईना. पोरं माझ्याभोवती जमली. म्हणाली, शिट्टीचं गाणं लावा, जिथं असंल तिथनं पळत येतोय बघा. मी लावलं. या वेळी पेटीतली शिट्टी पूर्ण वाजू दिली. पोरं नाचायला लागली. सरूवहिनी अक्षतांचं तबक घेऊन मांडवाच्या तोंडाशी रस्त्याकडं बघत उभ्या होत्या, हसत होत्या. मला म्हणाल्या, "आता येतोय बगा कसा धावत."

तेवढ्यात धोंडीतात्यांना फोन आला. ते कानाला मोबाईल लावून उभे राहिले, मग नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत माझ्याकडं आले. नुसता हात वर केला. मी गाणं तिथंच तोडलं. नाचणारे थांबून माझ्याकडं बघायला लागले. त्या शांततेत सरूवहिनी अजून हसतच होत्या, त्यांना वाटलं लाईट गेली. त्यांचा तो चेहरा मला विसरता येत नाही आणि मी विसरायचा प्रयत्नही करत नाही.

खिंडीच्या वळणावर गाडी घसरून दत्ता जागीच गेला होता. हार तसेच हँडलला होते म्हणे.

बोहल्यावर उभी राहिलेली पोर माघारी नेता येत नाही. भटजींनी आवाज न चढवता मंगलाष्टकं म्हटली, माणसांनी मान खाली घालून अक्षता टाकल्या, आणि एकही वाद्य न वाजता ते लग्न लागलं. मी पेट्या भरल्या.

तेरावं झाल्यावर धोंडीतात्यांनी मला बोलावून घेतलं. देवळाच्या पारावर गावातली चार मोठी माणसं बसली होती. तात्या म्हणाले, "स्पीकरवाले, एक शबुद द्या. ते गाणं आता आपल्या गावात नको."

"बरं," मी म्हटलं.

"सरूच्या कानावर ते पडलं तर जीव जाईल तिचा. आमी पोरान्लाबी सांगितलंय. मोबाईलवरबी लावायचं न्हाई. आन् हे तिला कळू द्यायचं न्हाई. उगा उपकार केल्यागत वाटाय नको."

मला ते पटलं. आजही तुम्ही कुणाला विचारा, शंभरातले नव्याण्णव म्हणतील, गावानं योग्य केलं.

पण सांगणं सोपं असतं. ऐन सराईत, सगळ्या मुलखात एक नंबरला असलेलं गाणं एका गावात येऊ द्यायचं नाही, म्हणजे पावसाळ्यात एका घरापुरता पाऊस अडवण्यासारखं. गावातली पोरं ऐकली. ज्यांच्या फोनची रिंग तीच होती, त्यांनी ती बदलली. अंगणवाडीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांनासुद्धा बायांनी दटावून गप्प केलं. प्रश्न होता बाहेरून येणाऱ्या वऱ्हाडांचा. त्यांना काय ठाऊक!

एकदा भोरच्या खालच्या अंगाकडून वऱ्हाड आलं. नवरदेवाचे मित्र माझ्यापुढं येऊन उभे. शिट्टीचं लावा. मी म्हटलं, माझ्याकडं ते खराब झालंय.

"गाणं खराब होतं व्हय?" एकजण म्हणाला. "भाजी हाय का ती? एक नंबरचं गाणं न्हाई, मग कसला ओ तुमी स्पीकरवाला!"

धंद्यात इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, वायर हातात घेतली. मी मिक्सरवर हात आडवा धरून उभा राहिलो. भांडण जुंपणार इतक्यात पासलीचा एक पोरगा आला, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला मांडवाबाहेर घेऊन गेला. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. दोघं परत आले. मित्रानं मोबाईल खिशात घातला आणि खाली बघत म्हणाला, "काहीबी लावा, अण्णा. तुमाला वाटंल ते." मग आपल्या सगळ्या सोबत्यांच्या कानात जाऊन सांगून आला. तो सबंध दिवस त्या वऱ्हाडातल्या कुणी तोंडानंसुद्धा शिट्टी मारली नाही.

मला या गावाचा फार अभिमान वाटला. मी कापूरहोळला येऊन चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगितलं, माणुसकी बघायची तर पासलीला जा. अजूनही माझं मत तेच आहे, म्हणून तर पुढचं लिहायला जड जातं.

सरूवहिनी मांडवात यायच्या बंद झाल्या. कुणी नवल केलं नाही. पोटचा पोरगा गेलेला, कुठल्या तोंडानं ती बाई लग्नाला येणार, असं जो तो म्हणाला आणि त्यांना त्रास नको म्हणून कुणी बोलवायलाही गेलं नाही. घाण्याला मग पहिलं गाणं उचलायला कोणी उरलं नाही. एक सुरू करायची, दुसरीला चाल यायची नाही, तिसरी हसायची. शेवटी बायका मला म्हणाल्या, "अण्णा, तुमीच लावा की तुमच्या यंत्रावर हळदीची गाणी." मी लावली. तयार मिळतात, चांगल्या गळ्याची, पेटी-तबल्यासकट. बायका मुकाट्यानं जातं फिरवायच्या आणि गाणं पेटीतून यायचं. सोय झाली असं सगळ्यांना वाटलं, मलाही.

वर्ष उलटलं. शिट्टीचं गाणं उतरलं, त्याच्या जागी दुसरं आलं, आचारी दुसऱ्या गाण्यावर चिडायला लागले. एक नंबरचं गाणं उतरतं तेव्हा इतक्या गुपचूप उतरतं की ते कधी गेलं सांगता येत नाही. आणि धोंडीतात्यांच्या धाकट्या नातीचं लग्न ठरलं.

मी सकाळीच पासलीत पोचलो. मांडवाच्या मागं वायरी सोडत होतो. जनरेटरपाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं म्हणून बघितलं, तर सरूवहिनी. डोक्यावर पाल्याचा भारा होता, भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबासाठी, नेत असाव्यात. बाई निम्म्यानं वाळली होती.

"अण्णा, एक इचारू? खरं सांगाल?"

"विचारा की, वहिनी."

त्यांनी भारा खाली ठेवला. "ते शिट्टीचं गाणं आता लागत न्हाई का कुठं?"

वर्षभर ज्या कानांपासून ते लपवलं तेच कान मला विचारत होते. मी म्हटलं, "जुनं झालं ते. आता दुसरी आली."

"आत्ता जुनं झालं. गेल्या साली कुठं जुनं हुतं? गेल्या साली खालच्या वाड्यांत रोज वाजत हुतं. वाऱ्यानं वर यायचं. म्या पाला गोळा करायच्या निमतानं त्या उतरणीला जाऊन बसायचे ऐकायला. ह्या गावात इतकी लग्नं झाली, हितं एकदाबी न्हाई वाजलं."

"वहिनी, त्याचं असं..."

"म्या काय खुळी न्हाई, अण्णा. त्या गाण्यात माझं पोरगं गेलं, म्हून गाणं अपशकुनी. आन् म्याबी. घाण्याला लेकुरवाळी सवाष्ण लागती. माझं एकुलतं एक गेलं, आता मला कशाला बोलावतील? कुणी तोंडावर नको म्हणायच्या आदी आपणच न्हाई गेलेलं बरं. म्हून म्या घरात बसले. पर त्याचं गाणंबी टाकलं त्यास्नी, ते मला लई लागलं. त्याचं नावबी नकोसं झालं का गावाला?"

मी हातातली वायर टाकून दिली. गावाला दिलेला शब्द मोडून सगळं सांगितलं. पारावरची बैठक, मोबाईलच्या रिंगा, वऱ्हाडातला तो मित्र, सगळं. तुमच्या जिवाला लागेल म्हणून गाव वर्षभर ओठ शिवून बसलंय, असं म्हटलं.

त्या ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, समाधान नव्हतं. मग म्हणाल्या, "समद्या गावानं मिळून ठरवलं?"

"हो."

"आन् मला कुणी इचारलं?"

त्यांनी भारा उचलला आणि डोक्यावर घेऊन निघून गेल्या. भाऱ्याला हात लावायचंही मला सुचलं नाही.

मी तसाच धोंडीतात्यांकडं गेलो. नव्या धोतरात, नवी टोपी घालून ते पाहुण्यांची वाट बघत ओट्यावर बसले होते. मी सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमी तिच्यासाठनंच केलं, स्पीकरवाले."

"ठाऊक आहे, तात्या. मीही त्यात होतो."

मग आवाज उतरवून म्हणाले, "पर खरं सांगू का? बायांच्यात एक-दोघी बोलल्या हुत्या. लेकुरवाळी न्हाई, आता घाण्याला दुसरी कोणतरी बघा म्हून. म्या ऐकलं आन् न ऐकल्यागत केलं. म्हणलं, ती सोताच येत न्हाई, मग कशाला इषय." त्यांनी आत बघितलं. आत नवरी बसली होती, बायका तिच्याभोवती होत्या. "थोरल्या नातीच्या लग्नात ते तसं झालं. आता धाकटीच्या हळदीला तीच बाई, तेच गाणं... उद्या पोरीचं काय वाकडं झालं तर लोक मला काय म्हणतील?"

नात त्यांची होती, आणि भीती खोटी नव्हती. मी पन्नास लग्नांत माणसं यापेक्षा लहान गोष्टींना घाबरलेली पाहिली आहेत.

तात्या उठले. घरात जाऊन आपल्या मंडळींना, म्हणजे नवरीच्या आजींना, काहीतरी बोलले. आजी एकदम म्हणाल्या, तेवढं बाहेरपर्यंत ऐकू आलं, "म्या तर कवाधरनं म्हणतीय." मग आजींनी हळदीकुंकवाचं ताट घेतलं, तात्यांनी टोपी घातली, आणि दोघं म्हातारी माणसं उन्हातून किसनरावांच्या घराकडं निघाली. मांडवात कुजबुज सुरू झाली. गावाला लग्नाचं बोलावणं पोरंसोरं करतात. तात्या स्वतः कुणाच्या दारात गेलेले कुणी पाहिले नव्हते.

बराच वेळ झाला. जातं मांडून तयार होतं, पानं बांधली होती, आणि बायका थांबल्या होत्या. मला वाटलं, नाही येणार. मी त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो. एका वर्षाचा एकटेपणा एका ताटानं भरून निघत नाही.

मग वळणावर चौघं दिसली. पुढं तात्या, मागं किसनराव, आणि आजींच्या बरोबरीनं सरूवहिनी. लुगडं बदललेलं होतं. मांडवाच्या तोंडाशी आल्यावर पाय अडखळले. आजींनी तिथंच, सगळ्यांसमोर, कुंकू लावलं आणि हाताला धरून आत आणलं.

तात्या माझ्याकडं आले. म्हणाले, "लावा ते गाणं."

मी शोधून काढलं. लॅपटॉपमधून मी ते कधी पुसलं नव्हतं. हात मिक्सरवर ठेवला आणि आवाज न उतरवता लावलं. शिट्टी निघाली, लांब, सरळ. मांडवातलं एकूण एक माणूस जिथल्या तिथं थिजलं. हातातला तांब्या हातात, चहाचा कप तोंडाशी. सरूवहिनींनी पदर तोंडात दाबला. किसनराव खांबाला धरून उभे राहिले. हलगी सुरू झाली, गाणं सुरू झालं, आणि एक पाऊल हललं नाही. दत्ताच्या बरोबरीची पोरं जमिनीकडं बघत उभी होती. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

सरूवहिनींनी पदर सोडला. पोरांकडं बघून म्हणाल्या, "उभं काय ऱ्हायलाय रं? त्यो ऱ्हायला असता का उभा?"

एकजण पुढं झाला, मग दुसरा. नाचली पोरं. चांगली नाचली असं काही म्हणवत नाही. पाय ठेक्यात नव्हते, डोळे पुसत नाचत होती, पण नाचली, आणि ते गाणं पासलीच्या मांडवात शेवटपर्यंत वाजलं. शब्दांना मी एकेकाळी नावं ठेवली होती. त्या दिवशी शब्द मला ऐकूच आले नाहीत.

गाणं संपलं. बायका जात्याभोवती बसल्या. वर्षभराची सवय, त्यामुळं त्यांच्यातलीच एकजण मला म्हणाली, "अण्णा, लावा हळदीचं." माझं बोट बटणावर गेलंसुद्धा. सरूवहिनींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या जागी वर्षभर काय वाजत होतं हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

मी मागं जाऊन जनरेटर बंद केला.

"बिघडला का?" तात्यांनी विचारलं.

"नाही, बंद केला," मी म्हटलं.

सरूवहिनींनी जात्याच्या खुंट्याला हात घातला. पहिली ओळ उचलली आणि अर्ध्यावर आवाज बसला. कुणी पुढं गायलं नाही, कुणी घाईही केली नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उचलली. या वेळी ओळ पुरी झाली आणि बायका मागून आल्या. आवाज पूर्वीचा नव्हता. मांडवाच्या टोकाला बसलेल्या माणसांना तो ऐकू जात नव्हता. ती माणसं उठून जवळ येऊन बसली.